स्पॅनिश शिकवा, पण साहित्य आणि सिनेमासकट

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

बारावीचा निकाल लागला की वृत्तपत्रांत करिअर मार्गदर्शनाची पाने सुरू होतात आणि त्यांत अलीकडे स्पॅनिश भाषेची चौकट हमखास असते. वीस देशांची राजभाषा, जवळपास ५० कोटी लोकांची मातृभाषा, माहिती तंत्रज्ञान कंपन्यांत मागणी, पर्यटनात संधी, दुभाष्याला चांगले मानधन, असा त्या चौकटीतला मजकूर असतो आणि तो चुकीचा नसतो. मात्र ‘दॉन किखोते’ या कादंबरीचा पहिला भाग १६०५ साली ज्या भाषेत छापला गेला, त्या भाषेच्या अभ्यासक्रमाविषयी बोलताना साहित्य हा शब्द आपल्याकडे कोणाच्याच तोंडी येत नाही, चित्रपट तर दूरच राहिला, याचे मला आश्चर्य वाटते. त्याविषयी चार गोष्टी मांडण्याची परवानगी द्यावी.

मी नागपुरातील एका कनिष्ठ महाविद्यालयात एकतीस वर्षे मराठी शिकवून निवृत्त झालो. स्पॅनिशशी माझा संबंध आला तो भाचीमुळे. पदवीचे शिक्षण घेत असताना तिने शहरातील एका संस्थेत स्पॅनिशचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम केला. दोन पातळ्या, दहा महिने, शुल्क बऱ्यापैकी. तिचे पाठ्यपुस्तक मी कुतूहलाने चाळत असे. विमानतळावर सामान हरवले तर काय म्हणावे, हॉटेलात दोन रात्रींसाठी खोली कशी मागावी, औषधाच्या दुकानात डोके दुखते हे कसे सांगावे, अशा संवादांनी ते भरलेले होते. दहा महिन्यांत माद्रिदच्या विमानतळावर तिची बॅग निदान सहा वेळा हरवली, पण एक कविता तिच्या वाट्याला आली नाही. तिने वर्गात त्याबद्दल विचारले, तेव्हा “आपल्याला व्यवहारापुरती भाषा हवी, साहित्याला स्कोप नाही,” असे उत्तर मिळाले. संस्थेचे नाव घेण्याचे कारण नाही. हेच उत्तर तिला शहरात आणखी दोन ठिकाणी मिळाले असते, याची मला खात्री आहे.

पुढे ती हैदराबादला गेली. तेथील इंग्रजी आणि परदेशी भाषा विद्यापीठात आणि दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात स्पॅनिशचे रीतसर उच्च शिक्षण मिळते. गंमत अशी की हैदराबादहून नवी दिल्लीला जाणारी तेलंगणा एक्स्प्रेस रोज आपल्या नागपूर स्थानकावर थांबते. स्पॅनिश साहित्य वाचायचे असेल तर गाडी नागपुरात पकडायची आणि या टोकाला किंवा त्या टोकाला उतरायचे, अशी आजची व्यवस्था आहे. ज्यांना घरून परवानगी मिळते आणि वसतिगृहाचा खर्च झेपतो, ते जातात. माझ्या बहिणीने मुलीला पाठवले, पण तिच्याच बरोबरीने शिकणाऱ्या दोन मुलींना घरच्यांनी पाठवले नाही. त्या दोघी आज काय वाचत असतील, मला ठाऊक नाही.

साहित्य शिकल्याने भाषेत नेमके काय हाती लागते, हे मला एका दिवाळीच्या सुटीत कळले. भाचीने अभ्यासासाठी मेक्सिकोचे लेखक हुआन रुल्फो यांचा १९५३ साली प्रसिद्ध झालेला कथासंग्रह आणला होता. माझ्यापाशी त्याचा इंग्रजी अनुवाद होता. व्हरांड्यात बसून आम्ही एक कथा समोरासमोर ठेवून वाचू लागलो. एक म्हातारा बाप आपल्या जखमी, जवान मुलाला खांद्यावर घेऊन चांदण्या रात्री उजाड डोंगराळ मुलखातून चालला आहे. पुढच्या गावात डॉक्टर आहे. मुलाच्या हातांनी बापाचे कान झाकले गेले आहेत, त्यामुळे त्याला काही ऐकू येत नाही. गाव जवळ आले म्हणजे कुत्री भुंकतील, म्हणून तो मुलालाच पुन्हा पुन्हा विचारतो की कुत्री ऐकू येतात का. हा मुलगा वाटमारी आणि खून करीत फिरलेला, बापाने मनातून केव्हाच टाकून दिलेला. इंग्रजी अनुवाद मी पूर्वी दोनदा वाचला होता आणि कथा मला चांगली वाटली होती, इतकेच.

मध्येच भाची थांबली आणि म्हणाली, “मामा, इथे बापाने ‘तू’ सोडलं.” मी माझ्या पुस्तकात पाहिले. तिथे पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत एकच ‘यू’. मूळ स्पॅनिशमध्ये मात्र बाप आधी मुलाला ‘तू’ म्हणतो (स्पॅनिशमधील तो शब्द उच्चाराला अगदी आपल्या ‘तू’सारखाच आहे) आणि संताप अनावर झाल्यावर एकदम ‘उस्तेद’वर येतो, म्हणजे आपल्या ‘तुम्ही’वर. हे सारे आपण त्याच्यासाठी करीत नसून त्याच्या मरून गेलेल्या आईसाठी करीत आहोत, हे बाप सांगतो ते या परक्या ‘तुम्ही’त. खांद्यावर पोटचा मुलगा आहे, त्याचे रक्त बापाच्या अंगावर ओघळते आहे आणि बाप त्याला एखाद्या तिऱ्हाइतासारखे बोलावतो आहे. शेवटी गाव येते, बाप त्याला खाली उतरवतो आणि पुन्हा ‘तू’ म्हणतो. तोवर मुलगा बहुधा गेलेला असतो. रुल्फो ते उघड सांगत नाहीत.

इंग्रजीतून वाचणाऱ्याला हे कधीही कळणार नाही, कारण इंग्रजीपाशी ते दाखवण्याचे साधनच नाही. मराठीपाशी ते आहे आणि आपल्या घराघरांत आहे. रात्री उशिरा आलेल्या मुलाला आई “आलात का आपण? पान वाढायचं?” असे म्हणते, तेव्हा त्या आदरार्थी अनेकवचनात किती राग भरलेला असतो, हे कोणत्याही मराठी मुलाला समजावून सांगावे लागत नाही. आम्ही त्या संध्याकाळी ते वाक्य वऱ्हाडीत करून पाहिले: “हे मी तुमच्यासाठी नाही करून राह्यलो, तुमच्या गेलेल्या मायसाठी करून राह्यलो.” ‘माय’ ठेवावे की ‘आई’, ‘गेलेल्या’ की ‘मेलेल्या’, यावर पाऊण तास वाद झाला आणि त्यात स्वयंपाकघरातून माझ्या पत्नीनेही भाग घेतला. एकतीस वर्षांच्या अध्यापनात सर्वनामांवर इतकी चांगली चर्चा माझ्या वर्गात एकदाही झाली नव्हती, हे मी प्रांजळपणे कबूल करतो.

व्याकरणाचेही तसेच. ‘मला संत्री आवडतात’ हे वाक्य स्पॅनिशमध्ये ‘मे गुस्तान लास नारांखास’ असे होते. ‘मे’ म्हणजे मला, आणि क्रियापद अनेकवचनी झाले ते संत्र्यांमुळे, आवडणाऱ्या माणसामुळे नव्हे. रचना हुबेहूब आपली आहे. इंग्रजीतून शिकवणारे पुस्तक याच जागी दोन पाने खर्च करते, कारण इंग्रजी भाषकाला ते उलटे वाटते. आमच्या मुलांना मात्र ते आधी इंग्रजीत उलटे करून आणि मग स्पॅनिशमध्ये पुन्हा सुलटे करून शिकवले जाते. ‘नारांखा’ हा शब्द संस्कृत ‘नारंग’पासून फारसी आणि अरबीमार्गे स्पेनला पोहोचला, हे नागपूरच्या विद्यार्थ्याला पहिल्याच आठवड्यात सांगण्यासारखे आहे, पण ते कोणी सांगत नाही.

मराठीत स्पॅनिश लेखकांचे जे अनुवाद होतात, ते बहुतेक इंग्रजीवरून होतात. त्या अनुवादकांच्या कष्टांविषयी मला आदरच आहे. पण जी गोष्ट इंग्रजीत शिरतानाच गळून पडली, ती मराठीत कुठून यावी? ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला आणि विदर्भातच, रिद्धपूरला, मराठी भाषा विद्यापीठ सुरू झाले. या दोन्ही गोष्टींचा आनंद व्यक्त करणारे पुष्कळ लिहून आले. जगातील मोठ्या साहित्यभाषांतून थेट मराठीत आणू शकणारी माणसे आपण कुठे घडवणार आहोत, हा प्रश्न त्यात मला आढळला नाही. असा अनुवादक दहा महिन्यांच्या प्रमाणपत्रातून तयार होत नाही. त्याला ती भाषा, तिचा इतिहास, तिची बोलीभेदांची नजाकत आणि तिचे साहित्य यांच्यासोबत चार-पाच वर्षे काढावी लागतात.

आता चित्रपटांविषयी. “चित्रपट काय, मोबाइलवर खाली इंग्रजी अक्षरे येतात, घरबसल्या पाहता येतात, त्यासाठी विद्यापीठ कशाला?” असे मला एका मित्राने विचारले. त्यांना मी व्हिक्तोर एरिसे या दिग्दर्शकाचा १९७३ सालचा ‘एल एस्पिरितू दे ला कोल्मेना’, म्हणजे मधमाश्यांच्या पोळ्याचा आत्मा, हा चित्रपट पाहण्यास सांगितले. काळ १९४० च्या सुमाराचा, कास्तिया प्रांतातले एक उघडेबोडके गाव. सिनेमाचे डबे घेऊन एक ट्रक गावात येतो, पोरे त्याच्यामागे धावतात, एक बाई तुतारी फुंकून दवंडी देते आणि माणसे घरून खुर्च्या उचलून गावच्या सभागृहात येऊन बसतात. यात्रेतल्या तंबूत मातीवर बसून सिनेमा पाहिलेल्या विदर्भातल्या माझ्या पिढीला या दृश्यात काही परके वाटणार नाही. दाखवला जातो तो ‘फ्रँकेन्स्टाइन’. आना नावाच्या लहान मुलीच्या मनात तो राक्षस घर करून बसतो आणि पुढे गावाबाहेरच्या ओसाड गोठ्यात लपलेला एक फरारी माणूस तिला सापडतो.

मित्राने चित्रपट पाहिला आणि “संथ आहे, फारसे काही घडत नाही,” असा अभिप्राय दिला. अक्षरे त्यांनी सगळी वाचली होती, आणि अक्षरांत खरोखरच फारसे काही नाही. स्पेनचे यादवी युद्ध १९३६ ते १९३९ या काळात झाले, हुकूमशहा फ्रँको जिंकले आणि नोव्हेंबर १९७५ मध्ये मरेपर्यंत सत्तेवर राहिले, हे माहीत असेल तरच १९४० च्या त्या घरातले आईवडील एकमेकांशी जवळजवळ का बोलत नाहीत, आई कोणाला पत्रे लिहिते, फरारी माणूस कोण असावा, हे उलगडू लागते. चित्रपट फ्रँकोंच्या हयातीत निघाला, सेन्सॉरच्या नजरेखालून गेला. जे बोलता येत नव्हते ते एरिसे यांनी बोलण्यातून काढून टाकले आणि दाखवण्यात ठेवले. फरारी माणूस मारला जातो, तेव्हा त्याचे प्रेत त्याच सभागृहात, त्याच पांढऱ्या पडद्यापुढे ठेवलेले दिसते, जिथे गावाने राक्षस पाहिला होता. त्यावर कोणी भाष्य करीत नाही. ही चौकट वर्गात थांबवून तिच्याकडे दहा मिनिटे पाहायला लावणारा शिक्षक लागतो. तो मोबाइलमध्ये नसतो.

साहित्य आणि चित्रपट हे दोन वेगळे विषय म्हणून शिकवणे स्पॅनिशच्या बाबतीत तर अगदीच चुकीचे ठरेल. स्पेन सोडावा लागलेले लुईस बुन्युएल यांनी मेक्सिको शहरातल्या झोपडपट्टीतील मुलांवर १९५० साली ‘लोस ओल्विदादोस’ काढला, तेव्हा देशाची बदनामी केली म्हणून मेक्सिकोत ओरड झाली आणि चित्रपट थोड्याच दिवसांत उतरवावा लागला. पुढच्या वर्षी कान महोत्सवात या चित्रपटाच्या बाजूने निबंध लिहून तो स्वतः वाटत फिरणारा तरुण कवी म्हणजे ओक्ताव्हियो पाझ. बुन्युएल यांना तिथे उत्कृष्ट दिग्दर्शनाचे पारितोषिक मिळाले. हेच पाझ १९६२ ते १९६८ या काळात भारतात मेक्सिकोचे राजदूत होते, आपल्या सरकारने विद्यार्थ्यांवर गोळ्या चालवल्या म्हणून त्यांनी ते पद सोडले आणि १९९० साली त्यांना साहित्याचे नोबेल मिळाले. कोलंबियाचे कादंबरीकार गाब्रिएल गार्सिया मार्केस यांनीही तरुणपणी रोममध्ये चित्रपटाचे शिक्षण घेतले आणि १९८६ साली क्युबात चित्रपट शाळा उभी करण्यात पुढाकार घेतला. पेन्शनच्या पत्राची पंधरा वर्षे दर शुक्रवारी वाट पाहणाऱ्या त्यांच्या कर्नलची गोष्ट तर निवृत्त शिक्षकांच्या सभेतच वाचून दाखवावी, असे मला वाटते.

या सर्वांहून महत्त्वाचा मुद्दा नागपूरचा आहे. लॅटिन अमेरिकेत १९६० नंतर ‘तेस्तिमोनियो’ नावाचा साहित्यप्रकार बहरला. ज्यांना आजवर लेखणी मिळाली नव्हती, त्यांनी आपल्या जगण्याची दिलेली साक्ष, असा त्याचा ढोबळ अर्थ. हवानातील ‘कासा दे लास आमेरिकास’ या संस्थेने १९७० पासून त्यासाठी स्वतंत्र पुरस्कार सुरू केला. ग्वातेमालातील माया समाजाच्या रिगोबेर्ता मेन्चू यांचे निवेदन १९८३ साली प्रसिद्ध झाले, १९९२ साली त्यांना शांततेचे नोबेल मिळाले. मेन्चू मोठेपणी स्पॅनिश शिकल्या. ती त्यांच्यासाठी मळेवाल्यांची, साहेबांची भाषा होती आणि आपल्या लोकांची कैफियत जगापुढे मांडण्यासाठी त्यांनी तीच भाषा हाती घेतली. याच काळात मराठीत १९७८ साली ‘बलुतं’ आले, १९८० साली ‘उपरा’ आले, आणि आपल्या नागपुरात कुमुद पावडे यांनी ‘अंतःस्फोट’मध्ये दलित स्त्रीने संस्कृत शिकावे आणि शिकवावे म्हणजे तिला काय काय ऐकून घ्यावे लागते, ते लिहिले. ज्या भाषेने आपल्याला शतकानुशतके दाराबाहेर ठेवले, तीच आत्मसात करून तिच्या मालकांशी बोलण्याचा हा अनुभव ग्वातेमालात आणि नागपुरात एकाच सुमारास शब्दबद्ध होत होता.

फरकही तितकेच बोलके आहेत. मेन्चू यांनी तोंडी सांगितले, ते ध्वनिमुद्रित करून दुसऱ्या बाईंनी पुस्तकाच्या रूपात मांडले आणि मग हे पुस्तक कोणाचे, त्यातले किती खरे, यावर पुढे मोठा वाद झाला. आपल्या दलित आत्मकथनकारांनी मात्र स्वतः लिहिले. साक्ष आणि आत्मकथन यांत स्वाक्षरी कोणाची, हा प्रश्न दीक्षाभूमीच्या शहरातल्या विद्यार्थ्याने जितक्या जिव्हाळ्याने सोडवायला घ्यावा, तितक्या जिव्हाळ्याने तो दिल्लीत किंवा माद्रिदमध्ये कोण घेईल? त्यासाठी स्पॅनिश येणारा आणि दलित साहित्य मराठीतून वाचलेला विद्यार्थी हवा, आणि असा विद्यार्थी नागपुरात मिळण्याचा संभव इतर कोठल्याही शहरापेक्षा कमी नाही.

स्पॅनिश ही स्वतः विजेत्यांची भाषा आहे, हे मी विसरलेलो नाही. कोलंबस १४९२ साली समुद्र ओलांडून गेला, त्याच वर्षी नेब्रिहा या पंडिताने तिचे पहिले व्याकरण राणीला अर्पण केले आणि भाषा ही नेहमीच साम्राज्याची सोबतीण असते, असे त्याच्या प्रस्तावनेत लिहून ठेवले. हे सगळे विमानतळाच्या संवादांत येत नाही, साहित्याच्या वर्गात ते टाळता येत नाही.

यावर दोन आक्षेप मला ठाऊक आहेत. एक म्हणजे, “मराठीच्याच वर्गात मुले उरलेली नाहीत, तुम्ही स्पॅनिश घेऊन कुठे बसलात?” हा आक्षेप माझ्याच व्यवसायबंधूंचा आहे आणि त्यामागचे दुःख मी जाणतो. पण मराठीचा वर्ग रिकामा झाला तो दुसरी भाषा शिकवल्यामुळे झालेला नाही, आणि ‘माय’ की ‘आई’ यावर आमच्या व्हरांड्यात झालेला वाद हा मराठीचाच वर्ग होता. दुसरा आक्षेप नोकरीचा. व्यवहाराची भाषा शिकलेल्यांची पुष्कळशी कामे आता यंत्र करू लागले आहे. हरवलेल्या बॅगेची तक्रार फोनमधले भाषांतर व्यवस्थित नोंदवते. बाप ‘तू’वरून ‘तुम्ही’वर का गेला, हे ओळखून त्याला मराठीत योग्य शब्द देणाऱ्याची गरज मला तरी अजून दिसते.

लगेच मोठा विभाग, इमारत, दहा पदे असे काही मी मागत नाही. नागपूर विद्यापीठाला २०२३ साली शंभर वर्षे पूर्ण झाली, शहरात इतरही विद्यापीठे आणि स्वायत्त महाविद्यालये आहेत. नव्या शैक्षणिक धोरणात मुख्य विषयाला जोडून दुसऱ्या शाखेतला गौण विषय घेण्याची मुभा आहे. त्यात ‘स्पॅनिश भाषा, साहित्य आणि चित्रपट’ असा एक विषय कोणीतरी सुरू करावा. पहिले वर्ष भाषेचे, पण पहिल्या महिन्यापासून आठवड्याला एक छोटी कविता. दुसऱ्या वर्षी कथा आणि चित्रपट, आधी अक्षरांसह आणि मग अक्षरे झाकून. तिसऱ्या वर्षी मराठी विभागाच्या मदतीने प्रत्येक विद्यार्थ्याने एक कथा स्पॅनिशमधून थेट मराठीत करावी, हवी तर वऱ्हाडीत करावी, आणि लेखी परीक्षेऐवजी तिलाच गुण द्यावेत. बरे झालेले अनुवाद छापायला विदर्भ साहित्य संघाच्या ‘युगवाणी’सारखे नियतकालिक आपल्या शहरात आहेच. खर्च म्हणाल तर एक पूर्णवेळ शिक्षक, दोन कपाटे पुस्तके आणि अंधार करता येईल अशी एक खोली.

यात माझा थोडा स्वार्थ आहे, तो लपवत नाही. भाचीचे एम. ए. येत्या मे महिन्यात पूर्ण होते. नागपुरात स्पॅनिश साहित्य शिकवायला कुठे जागा आहे का, असे तिने परवा फोनवर विचारले. तिला काय कळवू, हे संबंधितांनी याच सदरातून सांगितले तर उपकार होतील.

आपला नम्र,
एक निवृत्त मराठी शिक्षक,
धरमपेठ, नागपूर